हात बदलायचा नाही

धार
शनिवार, दुपार

प्रिय यशराज,

आशीर्वाद सुरुवातीलाच देऊन ठेवतो. पत्र संपेल तेव्हा ते तुला हवे असतील की नाही, सांगता येत नाही.

परवाच फोनवर बोललो आणि आज लगेच पत्र, याचं तुला नवल वाटेल. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत. तू 'हाँ आबा, बोलो' म्हणतोस, मागे टीव्ही चालू असतो, आणि मी उन्हापावसाच्या गप्पांवर येतो. म्हणून लिहितो आहे. तुझं मराठी वाचन मला ठाऊक आहे. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, कारखान्यातले कागद इंग्रजी. चार ओळी वाचशील आणि 'आबा की लिखावट है भई' म्हणून कागद स्वप्नालीपुढे सरकवशील. सरकव. लग्न झाल्यापासून माझी पत्रं तीच तुला वाचून दाखवते. हल्ली तुम्ही दोघं कामापुरतंच बोलता, तरी हे एवढं तिने मोठ्याने वाचावं आणि तू ऐकावंस. स्वप्नाली, मध्ये थांबावंसं वाटलं तरी थांबू नकोस. काही गाळू नकोस.

गुरुवारचं ऑपरेशन पक्कं झालं, बरं झालं. सर्जननी आपल्याला समोर बसवून जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून काढलं होतं. जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये एकतीस वर्षं काढली, ऐकलेलं लिहून ठेवल्याशिवाय मला खरं वाटत नाही. ते म्हणाले, खांद्याच्या गोळ्याला चार स्नायू चारी बाजूंनी धरून असतात. तुझ्या वरच्या आणि मागच्या स्नायूंची टोकं हाडापासून सुटली आहेत. नुसती सुटली नाहीत, आत खोल सरकली आहेत, आणि कामाविना पडलेल्या त्या मांसात चरबी भरत चालली आहे. आता ती टोकं ओढली तरी जागेवर पोचत नाहीत. सत्तरीचा माणूस असता तर सांधाच बदलला असता. सदतिसाव्या वर्षी धातूचा सांधा बसवला तर तो आयुष्यभर पुरायचा नाही. तो झिजेल, पुन्हा उघडावं लागेल, आणि तेव्हा धरायला हाड उरेलच असं नाही. म्हणून पाठीतल्या एका स्नायूचं फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाला, चिकटलेलं टोक सोडवायचं, मांडीतून काढलेली पट्टी जोडून ते लांब करायचं आणि दंडाच्या हाडाला नेऊन बांधायचं. मग सहा आठवडे हात बाहेरच्या बाजूला पट्ट्यात अडकवलेला. त्यानंतर खरं काम. पाठीचा स्नायू खांद्याच्या कामावर लावायचा, पण त्याला ते काम माहीत नाही. कप उचलायचा तर मनात कप आणायचा नाही, फरा मागे ओढायचा एवढंच मनात आणायचं. असं कित्येक महिने. वर्षभराने हात डोक्यापर्यंत जाईल, केस विंचरता येतील. पहिली ताकद येईल असं ते म्हणाले नाहीत. तू दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा त्यांनी केस विंचरण्याचंच सांगितलं.

त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली, इतक्या कमी वयात इतकी मोठी फाट सहसा दिसत नाही, झालं कशाने? तू म्हणालास, 'मिसेस की स्कूटी की मेहरबानी, सर.' सर्जन हसले. स्वप्नाली दाराशी फाईल धरून उभी होती. ती हसली नाही. दुसरी, याआधीचा एमआरआय आहे का? ते मला विचारलं होतं. मी म्हणालो, घर रंगवताना कुठेतरी गेला. त्याबद्दल पुढे लिहितो.

स्कूटी पडली तो दिवस गणपतीतला. तू मागे बसला होतास, डाव्या हातात फुलांची पिशवी. बायपासच्या कडेला खडी सांडलेली, समोरून एक ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये येत होता, तिने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि तू उजवा हात टेकलास. तिचा गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी मला फोन करून तूच सांगत होतास, 'आबा, पायलट ने सीधे क्रैश लैंडिंग कराई.' मागून तिचा हसण्याचा आवाज आला होता. ती म्हणत होती, 'आणि पॅसेंजरने फुलं सोडली नाहीत, ते पण सांगा.' मला ते आठवतं कारण त्यानंतर मी तुमच्या घरातून तसा आवाज ऐकलेला नाही. दिवाळीपर्यंत ती तुझी गंमत होती. होळीला नातेवाइकांपुढे तीच गंमत तू पुन्हा केलीस तेव्हा कोणी हसलं नाही. स्वप्नाली आता शाळेत शिकवायला ऑटोने जाते. पाऊण तास लवकर उठते. स्कूटीवर चादर घातलेली आहे.

जूनमध्ये मी चार दिवस तुमच्याकडे देवासला होतो. सकाळी ती तुला शर्ट घालायची. दुखरा हात आधी बाहीत, मग मान, मग दुसरा हात, फिजिओने शिकवलं तसं. एखादी माउली तान्ह्याला घालते तितक्या सावकाश. तू भिंतीकडे पाहत असायचास. तिसऱ्या दिवशी बाही जरा ओढली गेली आणि तू म्हणालास, 'आराम से. एक बार तो कर चुकी हो.' तुमची ईशानी तिथेच डबा भरत बसली होती. संध्याकाळी मी ओट्यावर होतो आणि ती आत आईजवळ अभ्यास करत होती. तिने विचारलं, 'मम्मा, पापा का हाथ आपने तोड़ा था ना?' मला वाटलं स्वप्नाली रागावेल, किंवा विषय बदलेल. ती म्हणाली, 'हाँ बेटा. अब पहाड़ा बोलो.' सहा वर्षांच्या पोरीने साताचा पाढा म्हटला. मी ओट्यावरून उठलो नाही. उठून आत जायला हवं होतं.

परवा तू सांगितलंस, सहा आठवड्यांनी पट्टा निघेपर्यंत स्वप्नाली तुझं सगळं करेल, आणि मग ईशानीला घेऊन नेमावरला आईवडिलांकडे जाईल. तिथल्या शाळेत चौकशीही केली आहे. 'जाना है तो जाए आबा, मैं किसी को नहीं रोकता.' मी म्हणालो, बघू, होईल ठीक. फोन ठेवला आणि ट्रंक उघडली.

ट्रंकेत निशाणाचं कापड असतं, तुला माहीत आहे. स्वप्नालीला सगळं माहीत नसेल, म्हणून लिहितो. दसऱ्याला इथल्या जुन्या मराठा घरांची जी मिरवणूक शमीच्या मैदानावर जाते, तिच्या पुढे चालणारं निशाण आपल्या घराकडे असतं. पितळी टोकाची नऊ हातांची काठी. ती एकट्या उजव्या हाताने उभी धरायची, कोपर अंगाला लावायचं नाही, काठी खांद्यावर टेकायची नाही, आणि देवळापासून मैदानापर्यंत हात बदलायचा नाही. ज्याने हात बदलला त्याच्या घरातून मान गेला. तुझ्या पणजोबांच्या वेळी दुसऱ्या एका घराचा असाच गेला आणि आपल्याकडे आला. आता त्या मानाला ना जमीन आहे ना पगार. एक नारळ मिळतो. मी बावीस वर्षं धरलं, मग तू. कोर्टात मी चौथ्या टेबलावरचा माणूस होतो, साहेबांनी हाक मारली की उठणारा. वर्षातला तो एक तास माझ्यापुढे कोणी नसे.

गेल्या वर्षी पितृपक्षात मिरवणुकीची बैठक झाली. तुझा खांदा दुखतो हे इथवर आलं होतं. उदाजीराव, आपले चुलत भाऊबंद, सगळ्यांपुढे म्हणाले, 'काय बळवंतराव, सुना है यश भिया का कंधा गया? आमचा विहंग तयार आहे हो. रोज जिम में दो घंटे. संकोच करू नका.' लोक हसले. मी म्हणालो, 'विहंगला आधी धोतर नेसायला शिकवा.' त्यावर जास्त हसले. त्या हशाने मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

दोन दिवसांनी तू इंदूरला एमआरआय काढलास आणि ड्यूटीवर निघून गेलास. मला म्हणालास, आबा, तुम्ही पेन्शनच्या कामाला येणारच आहात, रिपोर्ट घ्या आणि डॉक्टरांना दाखवून या. मी घेतला, दाखवला. दसऱ्याला आठ दिवस होते. ते पहिले डॉक्टर तरुण होते, बोटाने पडद्यावर दाखवत होते. त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे, ते मी वहीत लिहिलं नाही तरी. ते म्हणाले, एकच टेंडन, म्हणजे स्नायूचं टोक, फाटलं आहे, दोन सेंटिमीटर. फाट ताजी आहे, माणूस तरुण आहे. महिनाभरात दुर्बिणीने शिवून टाकू, हात जवळजवळ पहिल्यासारखा होईल. तोवर या हाताने भाजीची पिशवीसुद्धा उचलायची नाही. जोर पडला तर उरलेलं जाईल. मग शिवण्यासारखं राहणार नाही.

इंदूरच्या गंगवाल स्टँडवर बसमध्ये बसलो. लिफाफा मांडीवर होता. धार येईपर्यंत मी कोणताही मोठा विचार केला नाही. एवढंच मनात होतं की आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. एक तास. मग करू ऑपरेशन. तुला फोन केला आणि म्हणालो, सूज आहे, दिवाळीनंतर पुन्हा दाखवू. तू म्हणालास, 'चलो, अच्छा है.' मागून स्वप्नाली म्हणाली, 'आबांना रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगा ना.' मी म्हणालो, मला फोनमधून फोटो पाठवता येत नाही. खरं तर येतो.

अष्टमीला तुम्ही धारला आलात. रात्री जेवताना तू मला विचारलंस, आबा, या वर्षी विहंगला देऊ या का, हात वर नेला की चमक येते. तू विचारलं होतंस हे तू विसरला आहेस. लोकांना तू वेगळं सांगतोस, दुखऱ्या हाताने मीच हट्टाने निशाण धरलं, आणि छाती पुढे काढतोस. हट्ट तुझा नव्हता. मी म्हणालो, सुजेला काय घाबरायचं, एक इंजेक्शन घेतलंस तर कळणारही नाही. दसऱ्याला सकाळी कंपाउंडरला मीच बोलावून आणलं. तू शर्ट काढून पाटावर बसलास, माझ्याकडे पाहून हसलास. कळलंही नाही तुला. चमक यायला हवी तिथे आली नाही, म्हणून तू काठी पूर्ण जोराने उचललीस.

चौकापर्यंत नीट गेलास. चौकातून वळताना वारा आला, कापड भरलं, आणि काठीचं टोक वीतभर पुढे झुकलं. मी तुझ्या मागे दोन पावलांवर होतो. तुझा खांदा कानापर्यंत वर चढला आणि दंड तिथल्या तिथे मऊ पडला. तू मान न वळवता म्हणालास, 'आबा, हात नाहीये.' मराठीत म्हणालास. यशराज, त्या क्षणी तुझ्या खांद्यात काय झालं हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. डाव्या हाताने धर, असं मी म्हणू शकलो असतो. दोन शब्द. मी पुढे आलो, तुझ्या कोपराखाली तळहात लावला आणि म्हणालो, 'दोनशे पावलं राहिलीत.' माझ्या हातावर तुझा हात ठेवून तू ती चाललास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापाने लेकाला आधार दिला, असं उदाजीराव नंतर डोळे पुसून म्हणाले.

त्यानंतर चार महिने मी तुला तेल लाव, शेक घे, वेळ लागतो, असं सांगत राहिलो. दर महिन्याला वाटे, आता सांगू. दर महिन्याला सांगणं आधीपेक्षा अवघड झालेलं असे. फेब्रुवारीत हात पुढे उचलताच येईना तेव्हा मी तुला पहिल्या डॉक्टरांकडे नेलं नाही. 'दुसरं मत घेऊ' म्हणालो. ते डॉक्टर मला ओळखतील म्हणून नवे सर्जन शोधले. त्यांच्यापुढे आधीचा फोटो नाही, म्हणून त्यांना वाटलं सगळी फाट एकाच पडण्याची. तुला तेच वाटलं. स्वप्नालीलाही. ती कधीच काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही याची मला सोय झाली. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवला नाही. तो लिफाफाही हरवला नव्हता. निशाणाच्या कापडाखाली होता. आज तो या पत्राला जोडून बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे.

लिफाफ्यात तारीख आहे, माप आहे. गुरुवारी ऑपरेशनच्या आधी सर्जनना दाखव. त्यांनी काही विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव. माझ्यावर जेवढं रागवायचं तेवढं रागव, पण रागाने तारीख पुढे ढकलू नकोस. उरलेलं मांस आपली भांडणं मिटायची वाट पाहणार नाही. ईशानीला तू स्वतः, तिला कळेल अशा हिंदीत सांग की हात मम्मामुळे गेला नाही. कोणामुळे, ते विचारेल. नाव सांग. स्वप्नाली, स्कूटीवरून पडून जे झालं होतं ते दोन सेंटिमीटर होतं आणि शिवता येत होतं. बाकीचं सगळं माझं आहे. तू दहा महिने ते माझ्या जागी उभं राहून ऐकलंस, आणि मी ऐकू दिलं. तू हे मोठ्याने वाचते आहेस म्हणून इथे एवढंच लिहितो. तुझी क्षमा मागायला कागद पुरे नाही, तुझ्यासमोर यावं लागेल, आणि येऊ द्यायचं की नाही हे तुझ्या हातात आहे.

हे पत्र आजच लिहायचं कारण आता सांगतो. काल हॉस्पिटलमधून मला फोन आला. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, आणि तिथे तू बायकोचं नाव न देता माझं दिलं आहेस. त्या मुलीने विचारलं, 'आप ही साइन करेंगे ना, अंकल? पेशंट ने कहा है, सिर्फ फादर.' मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला दिसलं की मी दुसऱ्यांदा तुझा खांदा माझ्या नावावर घेतो आहे, आणि तू तो विश्वासाने देतो आहेस. ती सही मी करणार नाही. माझं नाव काढ. तिथे स्वप्नालीचं नाव घालायचं असेल तर आधी तिला विचार, आणि विचारताना भिंतीकडे पाहू नकोस. ती नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय. मग काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला विचारू नका. मी गुरुवारी पहिल्या बसने इंदूरला येतो आहे. खाली, गेटच्या आतल्या बाकावर बसेन. वर कोणी बोलावलं नाही तर संध्याकाळी चौकशीच्या खिडकीवर विचारून परत जाईन.

तू म्हणशील तोवर तुझाच,
आबा